तीन ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक : बांधणीच्या नोंदी, २०१८

५ फेब्रुवारी

आजपासून ही वही सुरू. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेला मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या मेंदूतल्या पेशी काम करताना बघायच्या आहेत. भूल नाही, डोकं पकडून ठेवणं नाही. म्हणजे सूक्ष्मदर्शकच उंदराच्या डोक्यावर बसला पाहिजे. स्टॅनफर्डच्या गटाने २०११ साली १.९ ग्रॅमचा असा सूक्ष्मदर्शक दाखवला होता. तसं यंत्र विकत मिळतं, पण ती किंमत आमच्या अनुदानात बसत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या गटाने मात्र आपल्या ‘मिनिस्कोप’ची रेखाचित्रं, सर्किटं आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं ठेवलंय. हेच यंत्र वापरून त्यांनी २०१६ साली दाखवलं, की पाच तासांच्या अंतराने अनुभवलेल्या दोन जागा उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणी आणि जागा सांभाळणारा भाग) बऱ्याच सामायिक पेशींमध्ये नोंदल्या जातात. सात दिवसांचं अंतर ठेवलं तर तसं होत नाही. तो निबंध वाचला त्या दिवसापासून हे यंत्र आपल्या हाताने बांधायचं माझ्या मनात आहे.

आम्ही तिसरी आवृत्ती करतोय. वजन तीन ग्रॅमच्या आसपास, सेन्सर ७५२ बाय ४८० पिक्सेलचा. सरांनी सहा महिने दिलेत.

२० फेब्रुवारी

ऑर्डरी गेल्या. सगळ्यात जास्त वेळ फिल्टरचा. एक्सायटेशन, डायक्रोइक आणि एमिशन असे तीन फिल्टर लागतात, तेही काही मिलिमीटरचे तुकडे करून. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश खाली सोडायचा, ४९५ च्या डायक्रोइकवरून वळवायचा आणि ५२५ च्या आसपासची पेशींची हिरवी चमक वर येऊ द्यायची. असे तुकडे कापून देणारे एक-दोन नग देत नाहीत. चार संच घ्यावे लागले, १,१०,००० रुपये. सहा ते आठ आठवडे लागतील म्हणाले.

ग्रिन लेन्स तीन मागवल्या. १.८ मिलिमीटर व्यासाची, सव्वाचार मिलिमीटर लांबीची काचेची कांडी. ही यंत्रात बसत नाही, उंदराच्या मेंदूवर कायमची बसते आणि यंत्र तिच्यावर येऊन टेकतं. म्हणजे दर उंदरामागे एक. तिन्हीचे मिळून ७८,००० झाले.

१४ मार्च

घरं करून घ्यायला भोसरीला गेले. ‘घर’ म्हणजे यंत्राचं काळं शरीर, ज्यात लेन्स आणि फिल्टर बसतात. थ्रीडी प्रिंट करून बघितलं होतं. फिल्टरची खाच भरून येते, भिंतीतून उजेड झिरपतो. म्हणून डेलरिन नावाच्या काळ्या, कडक प्लास्टिकमधून सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर काढायचं ठरलं. चार वर्कशॉप फिरले. तिघांनी रेखाचित्र बघून मोटारीच्या भागांची कामं दाखवली आणि एवढं बारीक आमच्याकडे होत नाही म्हणून सांगितलं. चौथ्या ठिकाणचे काका मात्र भिंग लावून दहा मिनिटं कागद बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, होईल. पण हे माणसाच्या कुठल्या भागात बसवणार?” उंदराच्या डोक्यावर म्हटल्यावर त्यांनी रेखाचित्र पुन्हा हातात घेतलं आणि पहिला प्रश्न वजनाचा विचारला. बरोबर तोच प्रश्न होता.

पाच नग, १४,००० रुपये. जाणाऱ्यांसाठी : गुरुवारी भोसरीची सुट्टी असते. मी पहिल्यांदा गुरुवारीच गेले होते.

३ एप्रिल

घरं आली. दिसायला सुरेख. आज वजन केलं, ठीक आहे. फिल्टर यायचे आहेत.

२४ एप्रिल

फिल्टर पंधरा दिवस विमानतळावर पडून होते. चूक आमचीच. संशोधन संस्थेला आयात शुल्कात सवलत मिळते, पण तिचं प्रमाणपत्र माल यायच्या आधी तयार लागतं आणि त्यावर वस्तूचं नाव बिलातल्या नावाशी जुळावं लागतं. आम्ही ‘ऑप्टिकल फिल्टर’ लिहिलं होतं, बिलात होतं ‘कोटेड ग्लास’. तेवढ्या फरकाने दोन आठवडे गेले आणि साठवणुकीचं भाडं बसलं. आता ऑर्डर देतानाच विक्रेत्याला कळवते, बिलात अमुकच शब्द टाका.

२७ एप्रिल

वाईट दिवस. डायक्रोइक खाचेत जात नव्हता. चिमट्याने थोडा जोर दिला आणि कोपऱ्याचा टवका उडाला. खाचेची रुंदी मोजली, बरोबर होती. मला वाटलं पहिला तुकडाच वेडावाकडा कापलाय. दुसरा घेतला आणि त्याचाही कोपरा गेला. अठरा हजार रुपये वीस मिनिटांत. चारातले आता दोनच राहिले, आणि यंत्रंही दोनच करायची आहेत. यापुढे एकही फुटून चालणार नाही.

एक तुटल्यावर थांबायला हवं होतं. मी घाईत होते. पंधरा दिवस आधीच गेले म्हणून ते भरून काढायला निघाले होते.

२ मे

खराब झालेला डायक्रोइक आणि घर दोन्ही घेऊन भोसरीला. काकांनी खाचेत भिंगातून बघितलं आणि लगेच सांगितलं, “बर आहे.” बर म्हणजे कापताना कडेला राहून गेलेली धार. एंड मिल, म्हणजे कापणारं फिरतं टूल, बाहेर येताना डेलरिनची केसाएवढी धार मागे सोडते. ती वरून दिसत नाही. स्टील असतं तर नखाला लागली असती, प्लास्टिकची धार वाकते आणि खाच बरोबर असल्यासारखी वाटते. काच आत जाताना हीच धार तिच्या कोपऱ्याखाली दुमडते.

त्यांनी एका घराची खाच दाढीच्या ब्लेडच्या तुकड्याने साफ करून दाखवली. शिवाय खाचेच्या आतल्या कोपऱ्यांना बारीक गोल भोक पाडायला सुचवलं. टूल गोल असतं, त्याने आतला कोपरा काटकोनात निघत नाही, आणि काचेचा कोपरा तर काटकोनी असतो. मूळ रेखाचित्रात ही सोय आहे की नाही ते बघितलं, तर मीच फाईल दुसऱ्या प्रकारात बदलताना ती पुसली गेली होती. नवे पाच नग, या वेळी ६,००० रुपये. सेटिंग तयार होतं म्हणून काकांनी कमी लावले.

जुन्या पाचांतली दोन घरं मी ठेवून घेतली. पुढे ती उपयोगी पडतील.

१० मे

जोडणी सुरू. दोन गोष्टी नीट लिहून ठेवते.

पहिली, डायक्रोइकची लेप असलेली बाजू कुठली. एवढ्या लहान तुकड्यावर कसलीही खूण नसते. सुईचं टोक काचेजवळ न्यायचं आणि प्रतिबिंब बघायचं. टोक आणि प्रतिबिंब एकमेकांना भिडलेली दिसली तर लेप याच बाजूला. मध्ये फट दिसली तर लेप पलीकडे, कारण प्रकाश काचेची जाडी ओलांडून परत येतोय. लेपाची बाजू एलईडी आणि नमुन्याकडे हवी. उलटी बसली तरी यंत्र चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. प्रकाशाचा गोल फक्त एका बाजूला सरकतो.

दुसरी, गोंद. फिल्टर बसवायला अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा ऑप्टिकल गोंद आहे, पण एलईडीच्या पट्टीसाठी मी झटपट चिकटणारा साधा सुपरग्लू वापरला. लेन्सपासून चार मिलिमीटर लांब होता, म्हणून काही होणार नाही असं वाटलं. सकाळी येऊन बघते तर अर्धगोल लेन्सवर पांढुरकी साय. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ बंद जागेत फिरते आणि काचेवर थर धरते. घर बंद केलं होतं, म्हणजे वाफेला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. अर्धगोल लेन्स एकाच काचेची असते, ती अ‍ॅसिटोनने स्वच्छ झाली. वरची अ‍ॅक्रोमॅट लेन्स दोन काचा चिकटवून बनते. तिला अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचा धीर झाला नाही, कडेचा जोड सुटला असता. कापसाच्या काडीला जेमतेम ओल लावून तीन वेळा पुसली. थोडा डाग राहिलाय. या यंत्राला आता ‘पहिलं’ म्हणते, सरावाचं.

सुपरग्लू प्रयोगशाळेच्या त्या टेबलावरूनच उचलून ठेवला.

१६ मे

दोन दिवस पडदा काळा. एलईडी पेटतो, डोळ्याला दिसतो, संगणकावर सेन्सर ओळखला जातो, पण चित्र नाही. एलईडीच्या तारा, सेन्सरचा गेन, लेन्सचं अंतर सगळं तपासलं. शेवटी यंत्र उलटं धरून पांढऱ्या कागदावर प्रकाश पाडून बघितला. निळा हवा होता, तिथे काहीच पडत नव्हतं. एक्सायटेशन आणि एमिशन फिल्टर मी अदलाबदल करून बसवले होते. निळा प्रकाश हिरव्या फिल्टरने अडवला, जो थोडा हिरवा पुढे गेला तो डायक्रोइकने वळवलाच नाही, सरळ पलीकडच्या भिंतीवर गेला.

आता जोडायच्या आधी प्रत्येक फिल्टर खिडकीशी धरून रंग बघते आणि डबीवर लिहिते. कागदावर निळा प्रकाश पडतो का ही चाचणी मला पहिल्या पाच मिनिटांत सुचायला हवी होती.

१७ मे

चित्र आलं! लेन्स पुसायच्या कागदावर पिवळ्या हायलायटरची रेघ ओढली आणि ग्रिन लेन्सखाली ठेवली. कागदाचे तंतू एकेक करून चमकताना दिसले, फोकसची पट्टी सरकवली की एक थर विरून खालचा थर वर येतो. प्रयोगशाळेतले सगळे बघायला आले. मी संध्याकाळी पुन्हा एकटी बसून अर्धा तास तेच बघत होते.

मोजपट्टीची काच ठेवून बघितलं. आडवं साधारण ७०० मायक्रॉन दिसतंय, म्हणजे पिक्सेलला एक मायक्रॉनच्या आतबाहेर. पेशी दहा-पंधरा मायक्रॉनची असते, पुरेसं आहे.

४ जून

गेले अठरा दिवस एकाच दोषामागे गेले. सविस्तर लिहिते, कारण याला लागलेला वेळ सगळ्यात वाया गेलेला आहे.

या यंत्राची खुबी म्हणजे त्याची केबल. एकच बारीक कोअ‍ॅक्सियल केबल. तिच्या एकाच मधल्या तारेतून यंत्राला वीज जाते, चित्र बाहेर येतं आणि एलईडी कमी-जास्त करायचे हुकूम परत जातात. म्हणूनच उंदीर मोकळा फिरू शकतो. आणि म्हणूनच ती एक तार बिघडली की सगळंच एकदम बिघडतं आणि नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही.

लक्षणं अशी. टेबलावर यंत्र तासभर व्यवस्थित चालतं. हातात धरून फिरवलं की काही सेकंदांनी चित्रात आडव्या रेघा येतात, फ्रेम गोठते, मग संगणक म्हणतो जोडणी तुटली. यंत्र आणि संगणक यांच्या मधली नोंदपेटी संगणकाला साधा वेबकॅम म्हणूनच दिसते, त्यामुळे मी सगळा संशय संगणकावर घेतला. पुढच्या यूएसबी पोर्टऐवजी मागचा वापरला, थोडा फरक वाटला. त्या ‘थोड्या फरकाने’ मला आठवडाभर चुकीच्या रस्त्यावर ठेवलं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. दुसरा संगणक मागून आणला. डिस्क हळू लिहिते का पाहिलं. हिशोब केला : ७५२ गुणिले ४८०, सेकंदाला २० फ्रेम, म्हणजे सव्वासात मेगाबाइटच्या आत. कुठलीही डिस्क एवढं लिहिते.

परवा आमच्या पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या) ताईंनी सहज विचारलं, “केबल हलवून बघितलीस का, नुसती केबल?” यंत्र शिकंज्यात पकडलं आणि केबल जोडापासून एक सेंटिमीटरवर बोटाने हळूच वाकवली. चित्र गेलं. सोडली, आलं.

जोड सोलवून भिंगाखाली बघितला. सोल्डर करताना मी सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं होतं. वितळलेलं कथील केबलच्या बाहेरच्या जाळीच्या तारांमध्ये वर चढलं होतं आणि तेवढा भाग काडीसारखा कडक झाला होता. केबल वाकली की ती त्या कडक भागाच्या टोकाशीच वाकते, दर वेळी त्याच जागी. अर्ध्याहून जास्त तारा तिथे तुटल्या होत्या. टेबलावर केबल हलतच नाही, म्हणून तिथे सगळं ठीक.

दुरुस्ती : सोल्डरिंग आयर्न एका सेकंदाच्या वर टेकवायचं नाही, कथील आधी पॅडवर लावून ठेवायचं. जोडावर आणि पुढच्या पाच मिलिमीटरवर मऊ सिलिकॉनचा गोळा, जो घरालाही धरून राहील, म्हणजे ओढ जोडावर न येता घरावर येते. वजन ०.१ ग्रॅमने वाढलं, चालेल. मग केबल पाचशे वेळा हाताने वाकवली, मोजून. एकही फ्रेम गेली नाही.

नियम केला आहे : पाचशे वाकांची चाचणी पास झाल्याशिवाय यंत्र उंदराच्या खोलीत जाणार नाही.

१८ जून

पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्या यंत्राच्या चित्रात धुकं आलं. सोडलं तर सेन्सरच्या काचेवर दमटपणा. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सवर पावसाळ्यात बुरशी कशी धरते ते घरी बघितलंय, म्हणून लगेच घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल आणलं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवायचं. सुटे भाग, फिल्टर, ग्रिन लेन्स सगळं त्यातच राहतं.

२५ जून

प्राणी नैतिकता समितीची परवानगी मार्चमध्येच मिळाली आहे, आज उंदरांना सवय लावायला सुरुवात. भोसरीच्या पहिल्या फेरीतल्या त्या दोन घरांत शिसाचा तुकडा भरून तीन ग्रॅमची नकली यंत्रं केली. शस्त्रक्रियेनंतर खरं यंत्र चढवायच्या आधी उंदीर हे रोज थोडा वेळ घेऊन फिरेल. २५ ग्रॅमच्या खालचा उंदीर घ्यायचा नाही असं ठरवलं. तीन ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाचा आठवा हिस्सा. माणसाने पाठीवर सात-आठ किलोचं ओझं घेणं वेगळं, हे तर डोक्यावर आहे.

२३ जुलै

शस्त्रक्रिया ताई करतात, मी मदतीला. पहिल्यांदा विषाणू टोचायचा, जो पेशींमध्ये जीकॅम्प-६एफ हे प्रथिन तयार करायला लावतो. पेशी सक्रिय झाली, आत कॅल्शियम वाढलं की हे प्रथिन जास्त चमकतं. मग काही दिवसांनी कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचा, छोटा भाग बोथट सुईने शोषून काढून हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागावर ग्रिन लेन्स टेकवायची.

उंदीर क्रमांक १ मध्ये लेन्स बसवताना रक्त पूर्ण थांबलं नव्हतं. थांबलंय असं वाटलं आणि लेन्स खाली नेली. लेन्सखाली गुठळी राहिली. आम्ही तीन आठवडे वाट बघितली, ती विरेल म्हणून. चित्र काळंच राहिलं.

क्रमांक २ मध्ये रक्तवाहिन्या दिसल्या, मागे हिरवी धूसर चमकही दिसली, पण पेशी नाहीत. मेंदूचे काप करून बघितल्यावर कारण कळलं. लेन्सचं टोक अडीचशे मायक्रॉन वर राहिलं होतं. शोषताना आधी एका दिशेने जाणारे पांढरे तंतू दिसतात आणि त्याखाली दुसऱ्या दिशेने जाणारे. दुसरे तंतू स्वच्छ दिसेपर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं. आम्ही पहिल्याच थरावर थांबलो, कारण खोल जाऊन हिप्पोकॅम्पसला इजा होईल ही भीती होती.

दोन जीव आमच्या कमी अनुभवाने गेले. यावर ताई आणि मी बराच वेळ बोललो. पुढच्या शस्त्रक्रियेआधी त्यांनी दुसऱ्या प्रयोगातून आधीच मृत असलेल्या उंदरांवर सहा वेळा फक्त शोषण्याचा सराव केला. थंड कृत्रिम मेंदूद्रव सतत ठिबकत ठेवायचं, रक्त थांबल्यावर आणखी पाच मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं. मृत प्राण्यावर सराव करायला कोणी अडवलं नव्हतं.

१६ ऑगस्ट

क्रमांक ३ आणि ४ च्या लेन्स स्वच्छ. आज क्रमांक ३ ची बेसप्लेट. ही कवटीवर पक्की बसणारी चौकट, तिच्यात रोज यंत्र ठेवून बारीक स्क्रूने आवळायचं. उंदराला हलकी भूल, यंत्र हळूहळू खाली, रक्तवाहिन्या स्पष्ट झाल्या, आणखी थोडं खाली, आणि तिथे! डोळ्यासमोर एक ठिपका पेटला आणि विझला. मग दुसरा. भूलेखाली असूनही. ताईंनी माझा दंड एवढा घट्ट धरला की दुखला.

बेसप्लेट डेंटल अ‍ॅक्रिलिकने चिकटवली. पंधरा मिनिटांनी बघितलं तर पेशी गायब. अ‍ॅक्रिलिक सुकताना आकसतं आणि बेसप्लेटला आपल्याकडे ओढतं. फोकसची पट्टी सरकवून परत आणावं म्हटलं, तर पट्टी आधीच टोकाला होती. काढून पुन्हा बसवावी लागली, उंदराला आणखी एक तास भूल.

क्रमांक ४ ला पट्टी मधोमध ठेवून सुरुवात केली आणि अ‍ॅक्रिलिक चार कोपऱ्यांवर थेंब-थेंब लावलं. एक थेंब सुकला की समोरचा. या वेळी सरकलं, पण पट्टीच्या आवाक्यात.

१२ सप्टेंबर

चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात उजळ पट्टा. उंदीर कोपऱ्यात गेला की वाढतो. खोलीतला इन्फ्रारेड दिवा, जो वरच्या कॅमेऱ्याला उंदीर दिसावा म्हणून लावलाय, तो कुठून तरी आत शिरतोय. अंधारात यंत्राभोवती टॉर्च फिरवत पडदा बघितला. दोन ठिकाणं सापडली. घराच्या दोन भागांची शिवण, तिथे काळं नेलपॉलिश दोन हात दिलं. आणि कवटीवरचं अ‍ॅक्रिलिक, जे फिकट असतं आणि दिव्याचा प्रकाश स्वतःतून वाहून नेतं. पुढच्या उंदरांसाठी अ‍ॅक्रिलिकमध्ये कार्बनची काळी पूड मिसळायची. ३ आणि ४ ला वरून काळा थर दिला.

उद्यापासून गणपती. आमच्या इमारतीच्या मागच्या रस्त्यावर ढोल-ताशाचा सराव महिनाभर ऐकतोय. मागच्या आठवड्यात संध्याकाळच्या सत्रात उंदीर एका कोपऱ्यात दहा मिनिटं थिजून बसला होता. विसर्जनापर्यंत, म्हणजे २३ तारखेपर्यंत, सगळी सत्रं सकाळी सहा ते आठ. लवकर उठायला मला काही वाटत नाही, उंदरालाही त्या वेळी जाग असते.

३ ऑक्टोबर

पहिली खरी नोंद : क्रमांक ४, एक मीटर लांबीच्या सरळ पट्टीवर, दहा मिनिटं, ४.३ गिगाबाइट. केबल वरच्या छोट्या चाकावरून घेऊन दुसऱ्या टोकाला हलकं प्रतिवजन लावलंय, म्हणजे तिचा भार डोक्यावर येत नाही. उंदीर टोकाला पोचून प्रत्येक वेळी एकाच बाजूने वळतो, त्यामुळे पीळ चढतो. दर पाच मिनिटांनी मी हाताने उलगडते. फिरता जोड पुढच्या अनुदानात.

९ ऑक्टोबर

चित्राच्या हलण्याची दुरुस्ती करणारं नॉर्मकोर हे सॉफ्टवेअर चालवलं आणि चित्र आणखीच थरथरायला लागलं. दोन दिवस आकडे बदलत बसले. मग मूळ चित्रफीत हळू करून बघितली. मेंदू तीन-चार पिक्सेल इकडेतिकडे होतो, पण चित्रातले पाच-सहा काळे ठिपके जागचे हलत नाहीत. ती सेन्सरवरची धूळ. ती धारदार आणि काळीभोर, म्हणून प्रोग्राम तिलाच खुणेची जागा समजतो आणि दुरुस्ती चुकते.

धूळ कुठे आहे ते ओळखायची रीत : यंत्र चालू ठेवून नमुन्यावर थोडं सरकवा. ठिपका चित्राबरोबर सरकला तर तो ग्रिन लेन्सवर किंवा नमुन्यावर, जागीच राहिला तर यंत्राच्या आत. सेन्सर उघडून फुंकणीने साफ केला, तोंडाने नाही. हे काम जून महिन्यात डबा आणला तेव्हाच, बंद करण्याआधी व्हायला हवं होतं. आधीच्या नोंदींमधले ठिपके आजूबाजूच्या पिक्सेलच्या सरासरीने बुजवले, मग दुरुस्ती बसली.

२२ ऑक्टोबर

पेशी वेगळ्या करायला सीएनएमएफ-ई वापरलं. एकाच फोटॉनच्या या पद्धतीत वरखालचे थरही चमकतात आणि पार्श्वभूमी पेशींपेक्षा उजळ असते. हा प्रोग्राम तीच पार्श्वभूमी वेगळी काढण्यासाठी केलेला आहे. १६ जीबी रॅमचा संगणक मध्येच बंद पडला, ६४ जीबीवर आडवी-उभी दोन्हीकडून निम्मी केलेली चित्रफीत रात्रभरात झाली.

सकाळी आकडा बघितला. क्रमांक ४ मध्ये ११८ पेशी. हाताने तपासून २३ काढून टाकल्या, त्या रक्तवाहिन्यांच्या कडा होत्या. ९५ उरल्या.

उंदराची जागा आणि पेशींची चमक एकाखाली एक मांडली. पेशी क्रमांक ३१ पट्टीच्या डाव्या टोकापासून साधारण ७० सेंटिमीटरवर चमकते. उंदीर उजवीकडे जाताना चमकते, परत येताना नाही. बावीस फेऱ्यांपैकी सतरांमध्ये. जागेशी जोडलेल्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ यांना २०१४ सालचं नोबेल मिळालं, हे गेली चार वर्षं मी विद्यार्थ्यांना शिकवतेय. आज ती पेशी माझ्या पडद्यावर होती, काकांनी ब्लेडने साफ केलेल्या खाचेतून आलेल्या प्रकाशात.

चित्राची छापील प्रत घेऊन दुपारी भोसरीला गेले. काकांनी ती मशीनच्या वरच्या काचेला चिकटवली.

५ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीआधी हिशोब. फिल्टर १,१०,०००. सर्किटपट्ट्या आणि नोंदपेटी, भाग बसवून घेण्यासह ७५,०००. ग्रिन लेन्स ७८,०००. घरं दोन्ही फेऱ्यांची २०,०००. बाकी लेन्स आणि एलईडी १२,०००. केबल, जोड, सिलिकॉन ९,०००. एकूण ३,०४,००० रुपयांत दोन यंत्रं, एक चांगलं आणि एक डागाळलेल्या लेन्सचं. संगणक आणि शस्त्रक्रियेची साधनं आमच्याकडे होतीच, ती यात नाहीत. वाया गेलेले : दोन डायक्रोइक आणि पहिली घरं, मिळून ३२,०००. क्रमांक १ आणि २ च्या ग्रिन लेन्स अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून परत मिळवल्या. एकीवर चरा आला, दुसरी स्वच्छ आहे. सहा महिन्यांचे नऊ झाले.

१३ नोव्हेंबर

क्रमांक ४ चं वजन २८ ग्रॅम. २२ ऑक्टोबरला ज्या पेशी होत्या त्यांतल्या ५७ आजही त्याच जागी सापडल्या. ३१ त्यांत आहे, पण आज ती दुसऱ्या टोकाला चमकली. उद्या पुन्हा बघते. केबलच्या जोडावरचा सिलिकॉनचा गोळा एका बाजूने सुटायला लागलाय, सकाळच्या सत्राआधी बदलायचा आणि पुन्हा पाचशे वाक मोजायचे.